सारजामावशीचं काविळीचं औषध

गुपितं जपणाऱ्यांचं काय सांगता, आमच्या सारजामावशीचं ऐका. निजामाचं राज्य होतं. काशीला वैद्यकी शिकून मी चाकूरला परतलो, तर धाकटी बहीण काविळीनं पिवळी पडलेली. गावात काविळीचं औषध एकटी सारजामावशी द्यायची, आणि ती पाय मोडून बाजेवर पडली होती.

"मावशी, नाव सांग, मी उपटून आणतो."

"न्हाई बाबा. नाव घेतलं की गुण जातो."

मी चिडून रानातलं टोपलीभर तण आणलं आणि तिच्यापुढं ओतलं. "नाव नको घेऊ, नुसती मान हलव!"

एकेक रोप उचलून दाखवत गेलो. पानांखाली मोहरीएवढी फळं लागलेलं एक रोप दिसताच तिनं मान हलवली. त्याचं वर्णन मी संस्कृत पोथीत वाचलं होतं. आनंदानं ओरडलो, "भूम्यामलकी!"

मावशीनं कपाळावर हात मारला.

तरी त्याचा रस ताकातून दिला. पंधरवड्यात बहिणीचे डोळे स्वच्छ झाले. मी छाती फुगवून मावशीकडं गेलो. "बघ, नाव घेतलं तरी गुण आला! आता साऱ्या गावाला सांगणार."

"सांग की," मावशी हसली. "पर असंच संस्कृतात सांग. त्या झाडाला कुठं संस्कृत कळतंय?"