बाईंना आत जा म्हणायचं राहिलं

हृदयाचे ठोके चुकणाऱ्या पुरुषांना मूल व्हायला अडचण येते का, या संशोधनासाठी मी शेवगावकडं घरोघर फॉर्म भरत होतो आणि मोफत तपासणीसाठी नावं लिहून घेत होतो, तेव्हाचं सांगतो. हे प्रश्न पुरुषाला एकट्यालाच विचारायचे असतात. पण सातव्या घरापर्यंत मी इतका दमलो होतो, की भाऊसाहेबांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बाईंना आत जा म्हणायचंच राहिलं.

"मूलबाळ?"

"न्हाई."

"वीर्याची तपासणी कधी केली होती?"

"केलीच न्हाई," भाऊसाहेब सहज बोलून गेले.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "चांगली आली म्हनला हुता ना तुमी?"

 

बाई चिडल्या नाहीत. थकल्या आवाजात मला म्हणाल्या, "बारा वर्सं माज्याच तपासन्या झाल्या. आता ह्यांचं नाव लिव्हा. मी संगं येते."