उजवीकडचा मेसेज

बसच्या रांगेत माझ्या पुढे दोन मुली होत्या, खासगी संस्थेत वेल्डिंग शिकणाऱ्या.

"काढलंच का गं तुला?"

"माफीनामा दिला तर परीक्षेला बसवतील. नाहीतर वर्ष गेलं."

"मग दे ना लिहून. तुझं काय जातंय?"

"मास्कच्या काचा तडकल्यात, डोळे सुजतात, हे खोटं आहे?"

"खरं आहे. पण ग्रुपवर कशाला लिहायचं?"

"ग्रुप आपल्या पाच जणींचा. सरांपर्यंत गेलंच कसं?"

"मला काय माहीत बाई."

"सरांनी स्क्रीनशॉट दाखवला. त्यात तुझं 'खरंय गं' उजवीकडे होतं."

"असेल. मग?"

"फोनमध्ये स्वतःचंच लिहिलेलं उजवीकडे दिसतं."

"बस आली बघ."

"येऊ दे."

"मग सरांना काय सांगू? लिहितेस की नाही?"