थोरलीचं पाणी

...आन् गिऱ्हाईक वापस गेलं! दारातून! चहा पिऊन, सुपारी चघळून, जीपच्या चारी चाकांना लाथा मारून, सगळं पसंत करून... वापस गेलं! काहून? तर आमची बायको, आशाबाई, दारात आडवी. "इकायची न्हाई!" आता तुमीच सांगा, जीप माझी, जीपपायी डोक्याला ताप माझा, आन् इकायची का न्हाई ते हिनं ठरवायचं? पन तिचं चुकलं म्हणावं तर तसंबी न्हाई हो... तीच तर तकलीफ हाय, तिचं बराबर हाय! बसा, सांगतो. बसा हो, तुमाला कुठं माझ्या जीपनं जायचंय!

तुमाला सांगतो, जीप घेतली दोन हजार एक साली, वाशिमच्या एका मास्तराकडून. मास्तर लई टापटिपीचा. चावी देताना नाकातून म्हणतो, "उत्तमराव, रोज सकाळी तीन गोष्टी. रेडिएटरचं पाणी बघायचं, कांडी काढून तेल बघायचं, टायरची हवा बघायची." मी म्हणलं, गुरुजी, मी जीप नेऊन राहिलो का बाळंतीण? लई हसलो. आता हसू येत न्हाई.

तुमाला वाटंल, मी गाडीची काळजी घेतली न्हाई. न्हाई कशी? रोज सकाळी धुवायचो! सीटावरचं प्लास्टिक दोन वर्सं काढलं न्हाई, उन्हाळ्यात मानसं चिकटून बसायची, उठताना टर्रर आवाज यायचा, पन न्हाई काढलं. दर शनवारी नवी लिंबू-मिरची. मागं काळी बाहुली, तिच्या खाली जुनी चप्पल. समदं बराबर! फक्त बॉनेट... बॉनेट आमी वर्साला एकदा उघडायचो, दसऱ्याला. इंजनला हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ, आन् पुन्हा धाडकन बंद! आत पाणी किती, तेल किती, हे इचारायचं काय कारन? पूजा केली ना?

आन् वरून आमचे दाजी. दगडोबा दाजी, द्वारका आक्काचे मालक. सरळ सांगतो, या मानसाला जगात एकच औषध ठाव हाय. बोट कापलं? "हळद टाका, बंद होतंय!" खोकला? "हळद टाका, बंद होतंय!" माठ झिरपून राहिला? "हळद टाका..." एकदा आमच्या टीव्हीत मुंग्या आल्या, तर हा मानूस टीव्हीच्या मागं जाऊन उभा! मी म्हणलं, दाजी, हात खिशातून काढू नका.

तर पोराचं लगीन निघालं. आमचा स्वप्निल, आन् पोरगी प्रियदर्शनी, कनेरगाव नाक्याच्या पलीकडं आतमधी एक गाव हाय तिथली, जळबाजी याह्यांची लेक. आता आपल्यात कसं असतं, आदी हळद नवरदेवाला लागती, मग त्याच्या अंगाची उरलेली उष्टी हळद नवरीकडं जाती, आन् तीच तिला लागती. ती पोचल्याशिवाय पोरगी पाटावरून उठत न्हाई, तोंडात पाण्याचा थेंब घेत न्हाई. जळबाजींनी सांगूनच ठेवलं होतं, "याही, दिवस मावळायच्या आत हळद आली पाहिजे. आमच्या म्हातारीला चालत न्हाई. न्हाई आली तर लगीन उभं ऱ्हाईल."

मी म्हणलं, अहो, घरची जीप हाय!

निघालो. कळमनुरीकडून हिंगोली, हिंगोलीतून नाक्याची वाट. मी चालवून राहिलो, बाजूला दाजी, मागं आक्का. आक्काच्या मांडीवर पितळी वाटी, वाटीत उष्टी हळद, वरून पदर. मे महिना, वरून आग, खालून आग, आन् प्लास्टिकला चिकटलेले आमी तिघं. हिंगोली सोडली, थोडं पुढं गेलो, आन् बॉनेटमधून वाफ! सुंऽऽऽ! मी म्हणलं, दाजी, काय हो हे? दाजी म्हणतात, "काही न्हाई, दम लागला तिला." उतरले, फडकं घेतलं, आन् मी न्हाई न्हाई म्हणेपर्यंत टोपण फिरवलं...

तुमाला सांगतो, कारंजं! टोपण गेलं बाभळीत, दाजींची टोपी गेली शेतात, आन् तांबडंलाल गंजाचं पाणी दाजींच्या नव्या सदऱ्यावर! देवाची किरपा, भाजलं न्हाई कुठं. वाकून पाहतो तर रेडिएटर खालून गळून राहिलं. कवापासून? मला काय ठाव! मी कवा पाहिलं होतं?

आक्का उतरली. "उत्तम, तिकडं पोरगी उपाशी बसली, आन् तू हितं बसलास व्हय?" वाटी सीटवर ठिवली आन् कॅन घेऊन गेली विहिरीला, त्या उन्हात. एक टपरी न्हाई, ढाबा न्हाई, एस्टी गेली ती थांबली न्हाई. डोळ्यापुढं एकच दिसायचं, माझं पोरगं बाशिंग बांधून उभं, आन् नवरीच्या मांडवात नुसती बोंबाबोंब... आन् ह्या टायमाला दाजी माझ्या कानाशी येतात, आन् बारीक आवाजात काय म्हणावं?

"हळद टाका, बंद होतंय."

मी म्हणलं, दाजी, गप बसा! ते म्हणतात, "अहो, खरंच. रेडिएटरला टाकतात. डायवर लोक टाकतात." बरं, टाकू, पन आणायची कुठून? हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे डोंगर, आमच्या घरात पोत्यानं हळद, दाजींची खिशातली पुडी जुन्या सदऱ्यात घरी, आन् त्या सडकेवर चिमूटभर न्हाई! ...म्हंजी होती. सीटवर होती. पितळी वाटीत.

आमी दोघांनी एकमेकाकडं पाहिलं. मी म्हणलं, न्हाई. दाजी म्हणले, "एकच चिमूट." टाकली. वरून बाटलीतलं पाणी. गळणं जरा कमी झालं. "अजून एक." अजून कमी. "बघा, बघा, ऐकून राहिली!" आन् मग, काय सांगू, हात थांबेनात! थेंब आला की चिमूट, थेंब आला की चिमूट... आन् गळणं बंद! ठार बंद! जन्मात पहिल्यांदा ह्या मानसाचं खरं झालं, तेबी कवा? वाटी चाटूनपुसून लख्ख झाल्यावर!

आक्का पाणी घेऊन आली. वाटी पाहिली. पुढचं इचारू नका. "पोराच्या अंगाची हळद! लोखंडाला! अरे पाप्यांनो!" दाजी म्हणतात, नाक्यावर ढाब्यातून दुसरी घेऊ, कुनाला कळतंय? आक्का कडाडली, "उष्टी म्हंजी उष्टी! त्या पोरीच्या अंगाला मी ढाब्याची हळद लावू व्हय?" कॅनचं पाणी भरलं, बाभळीतलं टोपण काढून बसवलं, आन् नाक्यापर्यंत ती रडली. मीबी रडलो, फक्त गॉगल होता म्हणून दिसलं न्हाई.

दिवस कलता-कलता पोचलो. मांडवात बाया वाट पाहून राहिलेल्या, वाजंत्री सुरू, पाटावर पोरगी, तोंड सुकून एवढंसं झालेलं. जळबाजी हात जोडून पुढं आले, "या याही! हळद?" मी म्हणलं, आनली. "कुठं हाय?" मी म्हणलं, गाडीत. "मग काढा की!"

काढली! काय करता? इंजन गार होऊ दिलं, आन् पोराचा बाप, नवं धोतर, कोसा फेटा, सगळ्या मांडवादेखत जीपच्या खाली पालथा... न्हाई, उताणा! रेडिएटरची खालची तोटी फिरवली, आन् वाटीत पिवळं पाणी धरलं. वाजंत्री बंद. मी गाडीखालून नुसते पाय पाहून राहिलो. पन्नासेक पाय, एक हलंना. मला वाटलं, झालं, संपलं, पोराचं लगीन मी हातानं मोडलं. आन् मी तिथंच पडलेला, तोवर आक्कानं खरं काय ते सगळं सांगून टाकलं. हुंदके देत.

मग काठीचा आवाज आला. जळबाजींची म्हातारी. वाटीत बोट बुडवलं, नाकाला लावलं. "हळद उष्टीच हाय. पन आदी हिला लागली." काठी जीपवर आपटली. "म्हंजी ही थोरली सून, आन् आमची पोरगी धाकटी. आता पोरगी काय म्हणती, इचारा."

तुमाला सांगतो, मी गाडीखालूनच कान दिला. आन् पाटावरून, उपाशी पोरगी, हसू दाबून काय म्हणती? "लावा आज्जी, पायाला एक बोट लावा. पन मामांनी मांडवात कबूल करावं. थोरलीचं पाणी, तेल, हवा, रोज सकाळी, त्यांनी सोता बघायचं. उद्या मला असं कुठं नेताना ती मधीच बसली तर?"

केलं कबूल! गाडीखालून केलं! जीपला नमस्कार करून केलं! पायाला एक बोट लागलं, उरलेलं वाटीभर तुळशीला गेलं, वाजंत्री सुरू झाली, आन् मी त्या गंजाच्या चिखलात पडून देवाला हात जोडले. खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला न्हवता.

पन तेव्हापासून... सकाळ झाली न्हाई की सूनबाई चहाचा कप हातात घेऊन उभी. हातात, बरं का, देत न्हाई! "मामा, थोरलीचं पाणी पाहिलं?" पाहिलं. "तेल?" पाहिलं. "हवा?" मग चहा. गाव सारं इचारतं, "उत्तमराव, थोरली बरी हाय ना?" हळद धुऊन गेली, गळणं पुन्हा सुरू, रेडिएटर बदललं, आता पट्टा करकरतो, पट्टा बदलला तर ब्रेक ओढतो. म्हणून गुपचूप गिऱ्हाईक पाहिलं हो! आन् आशाबाई दारात आडवी, "घरची थोरली सून इकता व्हय? लोकाला तोंड कसं दाखवू?" स्वप्निलकडं पाहिलं, तो म्हणतो, आई बराबर म्हणून राहिली. दाजींकडं पाहिलं, तर दाजी खिशात हात घालून राहिले...

मी म्हणलं, दाजी, हात भाईर काढू नका. आनतो कॅन. थोरलीचं पाणी बघायचं राहिलंय, आन् चहा निवून राहिला.