तेरखेड्याच्या वरातीतलं घोडं

आमच्या प्रकाशनाकडं एक घोडं आहे, त्याची हकीकत तुम्हाला सांगायचीच राहिली. धाराशिवात दोन खोल्यांत आम्ही कथा-कादंबऱ्या छापतो आणि वाजवणाऱ्यांच्या आठवणी. वरातीत डीजे यायच्या आधी तेरखेड्याच्या बँडमध्ये शिवाप्पा क्लॅरनेट वाजवायचे. त्यांच्या आठवणी मी लिहून घेतल्या. माणूस सरळ, आठवणीही सरळ. म्हणून एका वरातीत मी गुपचूप घोडं घातलं. फटाक्यांना बुजून ते नवरदेवासकट उधळतं आणि अप्पांच्या क्लॅरनेटवर नाचत नाचत वेशीतून परत येतं.

छापायच्या आधी सगळं वाचून दाखवायची आमची पद्धत. घोड्यापाशी आलो तशी अप्पांनी मान हलवली.

"हे खोटं हाय."

मी मनात म्हटलं, सापडलो. "काढून टाकू का, अप्पा?"

"काढू नका, नीट लिवा. घोडं माझ्या क्लॅरनेटवर न्हाय, रसूलच्या ताशावर आलं. जल्मभर माझ्या शेजारी वाजवत आला गडी. आता सांगायला ऱ्हायला न्हाय, म्हणून त्याची वाहवा मी घेऊ व्हय?"

थापा मारण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. "अप्पा, घोडं तुम्ही सांगितलंच नव्हतं. ते माझ्या पदरचं आहे."

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

"घोडं कुणाचं का असंना," ते म्हणाले, "ताशा रसूलचाच व्हता."