घसरणीचा प्रकार

...आणि मला सांगा, मी विचारलं होतं तरी काय? शेअर पडतोय हे मलाही दिसत होतं. तीस वर्षं महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवलंय, नायकावर संकट आलं की मला कळतं. मी भाच्याला, शिवमला, एवढंच विचारलं की बाबा, ही घसरण कोणत्या प्रकारची? कारण प्रकार आधी ठरायला हवा.

तुम्हाला सांगतो, प्रश्न ग्रंथाचा होता. गावोगाव फिरून गोळा केलेल्या वऱ्हाडातल्या सहाशे लोककथा अकोल्याला शेषरावांच्या छापखान्यात जायच्या होत्या. छपाईची रक्कम थोडी वाढावी, कापडी बांधणी परवडावी, या सद्हेतूने मी ती एका शेअरमध्ये घातली. शिवमचा अमरावतीत ट्रेडिंगचा क्लास आहे, साठ पोरं येतात... तो म्हणाला, "मामा, टेन्शन नोका घेऊ. हा पुलबॅक हाय. चढता भाव दम खायले खाली येते, मंग पुन्हा वर जाते."

"आणि नाही गेला तर?"

"तं मंग रिव्हर्सल."

"ते कधी कळतं?"

"झाल्यावर."

आता ही काय व्याख्या झाली? म्हणून मीच वही घेऊन बसलो. नायक विहिरीवर पाणी प्यायला थांबला, तो पुलबॅक. विहिरीत पडला, तो रिव्हर्सल. पडला, पण आत पाताळलोक निघालं, राजकन्या भेटली आणि तिला घेऊन वर आला, तर याला शिवमच्या शास्त्रात नावच नाही. म्हणजे उपप्रकार आला. प्रकार आधी ठरायला हवा, नाही का?

तेवढ्यात शेषरावांचा फोन. "सर, कागद आणू काय? भाव वाढून राहिला." कागदाचा भाव वाढत होता, लक्षात घ्या. पडत होता तो फक्त माझा.

आमची पत्नी दुर्गा अंजनगाव सुर्जीची, माहेरी संत्र्याची बाग. ती म्हणाली, "बहारासाठी आमी संत्र्याचं पाणी तोडतो, ताण देतो, तवा झाड मान टाकतेच. पण आमी नाव ठेवत बसत नाही. नखानं साल खरवडतो. आत हिरवं असन तं थांबतो, वाळलं असन तं तोडतो."

"शेअरला साल कुठे असते?"

"मंग ज्याले सालच नाही, त्यात पैसे टाकले काहून?"

...यावर माझं चिंतन चालू आहे.

पुढे मागचा तळ तुटला, म्हणजे भाव मागच्या पडझडीपेक्षाही खाली गेला. शिवम म्हणाला, "खोटा तुटला, मामा, व्हॉल्यूम नाही. विकणारे थोडेच हाय." दुसऱ्या आठवड्यात व्हॉल्यूमही आला. मी तेव्हा सातव्या उपप्रकारावर होतो, आणि तिथे ध्यानात आलं, की सहाशे कथांचे प्रकार मला पाडता आले, कारण सांगणाऱ्याने प्रत्येक कथा संपवलेली होती. हा शेअर काही संपेना... पण म्हणून काय घाई करायची? प्रकार आधी ठरायला हवा.

ठरला. शिवमच आला सांगायला. "मामा, आता पक्कं. रिव्हर्सल होता. मागच्याच महिन्यात झाला."

मी विकला. उरलेल्या रकमेत शेषराव म्हणाले, "सर, अडतीस पानं निघतीन." अडतीस पानांत माझी प्रस्तावनाच बसते, तीही टिपा गाळून. तेवढी छापली. सहाशे लोककथांचा ग्रंथ, कथा वगळून.

मला वाटलं, दुर्गाला वाईट वाटेल. तिने पुस्तिका हातावर तोलून पाहिली आणि म्हणाली, "बरं झालं. कथा तं साऱ्याइले येतेच."