तीस कार्डं, सहा दोरे

नाही, कोट तयार आहे बाई, कालच झाला — पण आधी बसा. बसा म्हणते ना. घाई मलाही आहे, तीन गणवेश कापून पडलेत. बाह्या दोन बोटं कमी केल्यात, अस्तर उसवलं होतं तेही घातलं, त्याचं काही नाही. मला आमच्या बिट्टीबद्दल बोलायचंय. हो, तीच, तुमच्या पहिलीतली. माझी मुलगी ती. माहीत नव्हतं? कसं असणार, पालकसभेला मी आलेच नाही कधी — दुकान सोडून कोण येणार.

परवा तुम्ही तिची शब्दकार्डं सगळ्या वर्गासमोर उंच धरलीत. धरलीत की नाही? वर म्हणालात, "बघा, ही असं चोरून वाचते." सहा वर्षांची पोर हो ती. सगळा वर्ग हसला. तिनं नाही सांगितलं मला — ती कसली सांगतेय, दोन दिवस दप्तराला हात लावत नाही, सकाळी शाळेचं नाव काढलं की पलंगाखाली. पलंगाखाली, बाई, पायाला धरून बाहेर काढावं लागतं. मला सांगितलं वरच्या मजल्यावरच्या नर्सच्या मुलीनं, ती त्याच वर्गात बसते. महिनाभर हिची कार्डं घडाघडा ऐकलीत, वहीत तारे काढलेत, आणि परवा तेच शब्द फळ्यावर लिहिले नि हिला एकही आला नाही, तर लगेच चोर? महिनाभर कार्डाच्या कोपऱ्यातले दोरे दिसले नाहीत तुम्हाला? कार्डं बघत होतात की नुसते तारे वाटत होतात?

आणि दोरे म्हणजे काही चोरी नाही. ती या दुकानाची पद्धत आहे. हा कोट तुमचाच, हे मला कसं कळतं? कॉलरच्या आत बघा — हिरवा दोरा, दोन टाके. डॉक्टरांची पॅंट पिवळा, एक टाका. अठरा वर्षं झाली, कुणाचा कपडा कुणाला गेलेला नाही. तसंच ते. तीस शब्द, सहा रंग, एका टाक्यापासून पाच टाक्यांपर्यंत. लाल एक, घर. लाल दोन, नळ. निळे तीन, माती. नर्सनं एकदा सगळी वाचून दाखवली, ती वाचत गेली आणि मी टाके घालत —

हो. मीच. मग काय, सहा वर्षांची पोर इतके सारखे टाके घालणार? एवढं साधं नाही कळलं तुम्हाला.

कशाला म्हणजे? तुम्हीच चिठ्ठी धाडलीत ना, रोज घरी पालकांनी तपासा म्हणून. मग पोर बरोबर म्हणते का चूक, हे मला कळायला नको? डोळे गेलेत माझे या शिलाईपायी, चष्मा करायचाय, अक्षरं फिरतात समोर — असं बघू नका माझ्याकडे. बरं, नाही गेले डोळे. सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवते मी. वाचता येत नाही मला. झालं समाधान? हिच्या वडिलांना येतं, पण ते ट्रकवर, महिना महिना घरी नसतात. मी मशीनवर बसून कार्ड धरायचे, ती म्हणायची माती, मी दोरा बघायचे आणि म्हणायचे शाब्बास. मला काय ठाऊक, तीही दोराच बघतेय. माझंच बघून शिकली. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले होते, आमची पोर वाचायला लागली.

तुमच्यावरचा माझा राग आहेच, तो काही जाणार नाही. पण जीव कशानं जळतोय सांगू? तुम्ही तिला उभं करून विचारलंत ना, हे कुणी केलं? ती म्हणाली, मी. एवढंच. आईचं नाव घेतलं नाही तिनं. मी तिला कधी बोलले नव्हते, एका शब्दानं नाही, तरी तिला माहीत होतं की आईला येत नाही. मला कुणी हसू नये म्हणून सगळं हसू स्वतःवर घेतलं पोरीनं. आणि मी दोन दिवस तिलाच रागावतेय, ऊठ, शाळेत जा, नाटकं करू नकोस.

ती कार्डं मी काल सगळी उसवली. पण भोकं राहिलीत, आणि ती भोकंही मोजेल, ओळखते मी तिला. नवी कार्डं द्या. दोन संच द्या. दुसरा कुणाला ते विचारू नका. आणि उद्या वर्गात सांगायचं — परवा जसं सांगितलंत तसंच, उभं राहून, मोठ्यानं — दोरे तिच्या आईनं घातले होते, आईला वाचता येत नाही म्हणून. हसू देत सगळ्यांना. मला हसू देत.

घ्या कोट. नाही, घालून बघायला वेळ नाही आता. मागच्या दारानं जा, गल्लीतून. ती नर्सकडून जिना उतरतेय, पावलं ओळखते मी. तुम्हाला इथं बघितलं तर परत पलंगाखाली जाईल. जा ना, बाई.