उडालेल्या पक्ष्यांच्या मागे

सून : मी घंटी वाजवणार, आबा! निदान ऐकू तरी जाईल त्याला.

आबा : नको, सूनबाई. घंटी वाजली की अख्खी दलदल उठेल, मग आपण बघायचं काय? पक्षी जिथे आपणहून उडतात तिथे काहीतरी हललेलं असतं. त्यांच्यावर नजर ठेवून चल. माझे केस काही उन्हाने पांढरे नाही झाले. चाळीस वर्षं याच रस्त्यावर सायकल मारत पक्ष्यांची मोजणी केलीय मी, तो आता करतो तीच.

सून : सकाळी आठलाही हेच म्हणालात. आता साडेअकरा होत आलेत! एकला भरती पूर्ण भरणार. तो पहाटे इन्सुलिन टोचून उपाशीपोटी बाहेर पडलाय, आबा.

आबा : माहीत आहे मला. माझा मुलगा आहे तो.

सून : मग असे शांत कसे तुम्ही? मोबाइल घरी टेबलावर ठेवून गेला. का, तर पक्षी दचकतात. सायकल रस्त्यावर ठेवायची नाही, लव्हाळ्यात आडवी लपवायची. का, तर हँडल चमकतं. म्हणजे शोधणाऱ्याने शोधायचं कशावरून? सगळ्या रीती तुमच्याच.

आबा : त्या रीतींनी तो मोजणी करतो, त्यावरच तुमचं घर चालतं. समोर बघ, खड्डा आहे.

सून : दिसला. एवढा सरळ रस्ता, ना झाड ना वळण, आणि एक माणूस दिसू नये?

आबा : सपाट दिसतं म्हणून फसायला होतं. बांधावरून खाली पाच पावलं गेलीस की लव्हाळं डोक्याच्या वर. तिथे हत्ती बसला तरी रस्त्यावरून दिसायचा नाही. ते बघ! मोरीच्या पलीकडे टिटव्या उठल्या. केवढ्या ओरडतायत. चल, जोरात मार.

सून : वारा अंगावर येतोय, आबा. पाय भरून आलेत माझे.

आबा : उठून मार. उभी राहून. हां, अस्सं.

सून : दिसतंय का काही? आबा! तोच आहे का?

आबा : थांब. उतरू नकोस. अं... पाणमांजर. पिल्लं घेऊन चाललंय.

सून : पाणमांजर.

आबा : टिटवीची घरटी असतील इथे, म्हणून ओरडल्या.

सून : मघाशी कोल्हा. त्याआधी बांधाच्या झडपेपाशी घार. आता पाणमांजर. सकाळपासून जनावरांची हजेरी घेतोय आपण! हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा झाला. रस्त्याच्या टोकाच्या चौकीवाले काय म्हणाले शेवटी?

आबा : नाव तयार आहे त्यांची. पण ओहोटीला चिखलावर बसते. पाणी चढल्याशिवाय हलायची नाही.

सून : आणि पाणी चढलं की तो...

आबा : तोंडातून काढू नकोस ते.

सून : थांबा. थांबा ना! साखळी पडली माझी.

आबा : आण इकडे. तू धर, मी चढवतो. मागचं चाक उचल जरा.

सून : माझ्यामुळे झालंय हे, आबा.

आबा : साखळी कुणाचीही पडते.

सून : साखळीचं नाही म्हणत मी. रोज पहाटे मी उठून खायला देते त्याला. तो सुई टोचून घेतो आणि लगेच खातो. आज उठले नाही. काल रात्री भांडलो आम्ही. मी म्हटलं, तुला बायको नकोय, डबा भरणारी हवीय. उद्यापासून आपलं आपण घे. मला पहाटे त्याची चाहूल लागली होती. सुईची डबी उघडली, तेही ऐकलं. तरी पांघरुणात डोळे मिटून पडून राहिले. हट्टाने!

आबा : नवरा-बायको भांडतात. तुझी सासू तर आठ-आठ दिवस बोलायची नाही माझ्याशी.

सून : तुमचा जीव नाही जात होता त्याने. याचा जाईल. साखर उतरली की त्याला हाकसुद्धा मारता येत नाही. जीभ जड होते. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात पडला, मी पलीकडच्या खोलीत होते, तरी आवाज नाही आला. मी काय करू, आबा? सांगा ना, काय करू?

आबा : सायकलीवर बस. रडत रडत मार, पण मार. बसली बघ साखळी.

सून : एक विचारू?

आबा : विचार.

सून : तो मोजायला बसतो तेव्हा पक्षी उडतात का?

आबा : उडतील कसे? मी शिकवलंय त्याला. आठ वर्षांचा असल्यापासून. हलायचं नाही, अंगावर माशी बसली तरी. वाऱ्याच्या उलट्या बाजूने जायचं. माझ्यापेक्षा बरा बसतो तो. एकदा तर तुतवार त्याच्या बुटावरून चालत गेला. त्याला तिथे एक दगड म्हणतात पक्षी, दगड...

सून : आबा?

आबा : धर माझी सायकल.

सून : आबा, तुम्ही पांढरे का पडलात? बसा खाली.

आबा : अरे देवा. काय केलं मी हे.

सून : म्हणजे तो जिथे आहे तिथे पक्षी उडणारच नाहीत.

आबा : आणि मी सकाळपासून तुला उडालेल्यांच्या मागे पळवतोय. माझ्याच शिकवणीने माझे डोळे फोडले, पोरी. तो पडला असेल तर अजूनच स्थिर असेल. पक्षी त्याच्या भोवती चरत असतील.

सून : कुठे? नंतर रडा! कुठे शांत होतं सगळ्यात?

आबा : पाचव्या मैलाच्या दगडापाशी. शेकाटे. शंभरेक होते. आपण गेलो तेव्हा एकानेही मान वर केली नाही.

सून : तिथे मी थांबायला निघाले होते! तुम्ही म्हणालात, बघ किती निवांत चरतायत, इथे काही नाही, पुढे चल.

आबा : म्हणालो. दोन्ही वेळा म्हणालो.

सून : चला. वारा आता पाठीवर आहे. चला!

आबा : तू हो पुढे. माझी वाट बघू नकोस.

सून : हा चौथा... हा पाचवा. आबा, इथेच ना? शेकाटे अजून आहेत. लव्हाळं मोडलंय इथे! चाक दिसतंय. त्याची सायकल, आबा! आणि तिकडे, ओहोळाच्या काठाला. कुशीवर पडलाय. पाय चिखलात आहे मांडीपर्यंत. अहो, हलत नाहीये तो!

आबा : तशीच धावू नकोस! तूही रुतशील. त्याची सायकल घे, चिखलावर आडवी टाक. पोटावर झोप तिच्यावर. मग माझी सायकल पुढे ढकल, तिच्यावर जा. पुन्हा मागची ओढून पुढे घे. मी आलो असतो गं, पण माझ्या वजनाने सगळंच खाली जाईल.

(सून दोन सायकली आळीपाळीने पुढे सरकवत चिखलावरून सरपटत जाते. आबा बांधावर उभे आहेत.)

आबा : पोचलीस? श्वास आहे का? सूनबाई, श्वास आहे का?

सून : आहे! गार पडलाय नुसता. ओठ हलतायत.

आबा : कमरेला बांधून आणलेली साखर गालात घाल. हिरडीवर चोळ. प्यायला काही देऊ नकोस, ठसका लागेल.

सून : माहीत आहे मला, आबा. ए, उघड ना तोंड. उघड रे राजा. दात नको आवळूस. हां. हां. अजून थोडी.

आबा : पाणी चढायला लागलंय गं!

सून : दिसतंय. पाय निघत नाहीये याचा. ओढला की मीच खाली जाते.

आबा : किती आहे तिथे?

सून : मी बसलेय, कमरेपर्यंत आलंय. डोकं खांद्यावर घेतलंय त्याचं.

आबा : नाव निघाली असेल. पण नाववाल्यांना कळायचं कसं या लव्हाळ्यात? पोरी, ऐक. पाणी छातीला लागलं की तू मागे फीर.

सून : नाही.

आबा : ऐक माझं. तो माझा एकुलता एक आहे, तरी सांगतोय. दोघं नकोत मला. दोघं नाही सोसायची.

सून : सकाळी उठले नाही मी, आबा. आता कुठेही जाणार नाही. तुम्ही ओरडा. जोरात ओरडा तिथून! उडू देत पक्षी!

आबा : होऽऽ! नाववाले! इकडे! होऽऽ!

सून : अजून!

आबा : होऽऽ! माझा मुलगा आहे इथे! पाचव्या दगडापाशी! होऽऽ!

सून : केवढे उठले. काही दिसेना. आबा, थांबू नका!

आबा : वळली! नाव वळली, सूनबाई! हात करतायत. धर त्याला, आलेच. डोकं वर धर!

सून : धरलंय. ए, ऐकलंस का? नाव आली. माझ्याकडे बघ.

तो : ...तू.

सून : मीच. बोलू नकोस, साखर चघळ.

तो : दोनदा गेलात तुम्ही... वरून. आबांच्या सायकलीचा आवाज ओळखला मी. हाक फुटेना गं.

सून : कळलं. कळलं मला.

तो : दुसऱ्या वेळी आबा थांबले. इकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. मला वाटलं, दिसलो.

आबा : शुद्धीवर आला? सूनबाई, काय म्हणतोय गं तो?

सून : काही नाही, आबा. पाणी मागतोय.